नऊ नळ्या, एक दात

हॅलो?

…हो ताई, बोल. हळू बोल पण, बोक्या आत्ताच झोपलाय. मांडीवरून खाली ठेवताना एक डोळा किलकिला करून बघत होता, आई पळून तर जात नाहीये ना म्हणून.

…काय?

…कोण रडतंय? तुझ्याकडे का? मला वाटलं, शेजारी कुणाचा मिक्सर चाललाय. ठकी होय. काय झालं माझ्या भाचीला?

…दात?

…थांब, एकेक सांग. कुठला, तो पुढचा हलत होता तो? पडला? अगं, मग छान झालं की. किती दिवस जिभेनं ढकलत बसली होती…

…इथे पडला? माझ्याकडे? काल? पण काल ती दिवसभर माझ्या शेजारी स्टुलावर बसलेली, मला दाताचं एका शब्दानं बोलली नाही. …हो, तोंड मिटूनच होती खरी, ते मला आत्ता जाणवतंय. मी मनात म्हटलं, किती शांत पोर आहे, आईवर नाही गेली.

…बरं बरं. घेतला शब्द मागे.

…पण ती सांगते काय नक्की? …नुसतं 'दात मावशीकडे' आणि पुढे भोकाड. बरं. बघते गं, पण ताई, आज माझ्याकडे वेळ नाहीये. बाबा येताहेत. …आजच. रेडिओ न्यायला. आमचा हा स्टेशनवर गेलाय त्यांना आणायला, कुठल्याही क्षणी येतील. मला टेबल आवरायचंय, रेडिओच्या पाठीचा पुठ्ठा लावायचाय, माझे स्वतःचे केस विंचरायचेत, आणि तू दात शोधायला सांगतेस.

…शोधतेय. वाकलेय टेबलाखाली. फोन खांद्यात धरलाय, म्हणून आवाज असा येतोय. …इथे बिस्किटाचा तुकडा आहे. बोक्याचा मोजा आहे, जो मी आठवडाभर शोधतेय. एक स्क्रू आहे… अगबाई, हा तर पुठ्ठ्याचा. बरं झालं तू फोन केलास.

…दात नाही.

…नाही गं, दाताला पाय नसतात. असेल इथेच. बोक्याने…

…ताई.

…ताई, बोक्या काल इथेच रांगत होता.

…थांब. थांब थांब थांब. झोपलाय, पण तोंड उघडं टाकूनच झोपतो. बघते. टॉर्च कुठेय… हं. …हं… ताई, आहे. एक दात आहे.

…पांढरा. खालचा. …

…अगं नाही, त्याचाच आहे तो. परवाच आलाय. घट्ट आहे. काय आपण दोघी.

…नाही, गिळला नसेल. काल मी त्याला त्या टोपलीत बसवलं होतं, उशा लावून, आणि टोपली टेबलापासून चार हात लांब. मेण तापत असताना मी त्याला जवळ येऊ देत नाही. …हो, मेण. …

…तुला सांगितलं होतं मी. तू ऐकत नाहीस, मी रेडिओचं बोलायला लागले की तू 'हं, हं' करत भांडी लावतेस, मला इकडे ऐकू येतं.

…आता तरी ऐक मग. बाबांचा रेडिओ का बंद पडला? पडला म्हणजे, आधी बोबडा झाला. आठवतंय? बातम्या देणारा माणूस तोंडात घास धरून बोलतोय असं वाटायचं, आणि मागे सतत घोंऽऽ. ते का, तर त्याच्या पोटात कंडेन्सर असतात. छोट्या छोट्या नळ्या. पुठ्ठ्याच्या, वरून मेण लावलेलं, बोटाच्या पेराएवढ्या. आत कागदाची गुंडाळी. तो कागद जुना झाला, ओल धरली, संपलं. नळ्या बदलायच्या, रेडिओ बरा. कारखान्यात असताना मी रोज याहून किचकट कामं करायचे, मीटरं दुरुस्त करायचे मी, लोक विसरतातच ते. बोक्या झाल्यापासून माझ्या हातात लोकांना फक्त दुपटं दिसतं.

…हो, सोपंच आहे. पण नवे कंडेन्सर कसे येतात माहितेय? पिवळे. शेंगदाण्याएवढे. चकचकीत. आणि बाबांची अट काय?

…बरोब्बर. 'आतलं एकही जुनं काढून नवं लावलेलं दिसलं, तर तो रेडिओ तुलाच राहू दे. मी पुन्हा विषय काढणार नाही.' तुला माहितेय ना, बाबा विषय काढणार नाही म्हणाले की काढत नाहीत.

…अगं, हट्ट नाहीये तो. आई दर महिन्याला त्याचा मागचा पुठ्ठा उघडून बसायची की नाही? तो रंगाचा बारीक ब्रश घेऊन? एकेक नळी पुसायची, बाळाचे कान पुसावेत तशी. बाबा शेजारी टॉर्च धरून. 'तिनं पुसलेलं आहे ते,' एवढंच म्हणाले मला. माझी दातखीळच बसली.

…हो, आज सगळं दातांवरच चाललंय.

…म्हणून तर मी तसं केलं. नळी काढायची, गरम हवेनं हळूहळू शेकायची, मेण सुटलं की आतली गुंडाळी काडीनं ढकलून बाहेर. वरची नळी तीच, तिच्यावरचा कागदही तोच, त्यावरची छापलेली अक्षरंसुद्धा. मग आत नवा शेंगदाणा सरकवायचा आणि दोन्ही तोंडं मेणानं बंद. बाहेरून बघ, आईनं पुसलेली नळी. आतून नवी कोरी.

…फसवणूक कशी? सांगणार आहे मी त्यांना. आधी बघू देत, मग ऐकू देत, मग सांगणार. त्या क्रमानं.

…गरम हवा कशाची म्हणजे? …

…ड्रायरची.

…कुणाच्या म्हणजे काय. माझ्याकडे कुठे ड्रायर आहे? माझ्या केसांना वाळायला वेळच मिळत नाही, ते वाऱ्यावर असतात.

…ताई, मी पुसून ठेवला होता. तू मध्ये नेलास तेव्हा. …हो? ऑफिसच्या समारंभात? काय म्हणाल्या तुझ्या साहेबीणबाई? …'जुन्या कपाटाचा वास येतोय'? तुझ्या केसांना? …मी हसत नाहीये. खोकला आलाय.

…नवा घेऊन देईन. शपथ. आता दाताचं बघू दे.

…हं, काल काय काय केलं ते आठवते. मी इथे बसले होते. गॅसवर पातेल्यात मेण. …बोक्याचं दूध तापवायचं जुनं पातेलं, नवं नाही. मेणाला तो जुना तपकिरी रंग काही केल्या येईना, म्हणून ठकीनं तिचा तपकिरी मेणखडू दिला, तो वितळवला. …हो, आपण होऊन दिला. मला म्हणाली… नाही, म्हणाली नाही, तोंड मिटलेलं होतं. खूण केली. मग मी एकेका नळीत शेंगदाणा बसवायचे, नळी तिच्या हातात द्यायचे, ती उभी धरायची, मी वरून मेण…

…

…ताई.

…काही नाही.

…नाही, काही नाही म्हणजे, बसतेय मी जरा.

…ती नळी हातात धरायची ना, तेव्हा मी गॅसकडे वळायचे. मेण आणायला. पाठ तिच्याकडे. …नळी उभी, वरचं तोंड उघडं, आत थोडी जागा असतेच. आणि मग मी येऊन वरून मेण ओतायचे. न बघता. …

…हो. मला तेच वाटतंय.

…मी तुझ्या मुलीचा दात रेडिओत लाखबंद केलाय.

…हसू नकोस. अगं, तिला ऐकू जाईल. …बघ, वाढला मिक्सर.

…अगं, कुठल्या नळीत ते कसं सांगू? नऊ आहेत. नऊच्या नऊ मी अशा करून ठेवल्यात की त्यांच्या जन्मदात्यालासुद्धा ओळखू येणार नाहीत. माझं कसब आज माझ्याच गळ्यात आलंय.

…मीटर लावून काय होणार? सगळ्या मीटरवर लावल्या होत्या बसवण्याआधी, सगळ्या उत्तम. कंडेन्सर आहेच आत, दात त्याच्या शेजारी बसलाय. मीटरला दात कळत नाही.

…हलवून? मेणात रुतलाय तो, वाजणार नाही. …वजन करून? एकीत मेण जास्त, एकीत कमी, मी काय सोनार आहे? शिवाय बसवल्यात सगळ्या, सोल्डर करून. …लोहचुंबक? ताई, दात. लोखंडाचा नाही, तुझ्या मुलीचा.

…काय काढून?

…एक्स-रे. …तू ना. बाबांच्या कवळीवाल्या डॉक्टरांकडे? अख्खा रेडिओ उचलून त्यांच्या त्या खुर्चीत ठेवू? 'डॉक्टर, जरा बघा हो, ह्याच्या पोटात दात आलाय'? ते मला आधीच ओळखतात, बाबांची कवळी सैल होते म्हणून चार वेळा घेऊन गेले होते मी. सैल होत नव्हतीच. घालायचीच नव्हती त्यांना.

…अजून नाहीच घालत. डबीत घालून शर्टाच्या खिशात ठेवतात. आई होती तोवर घालायचे. तिच्यासमोर बोबडं बोलायला लाजायचे. आता म्हणतात, 'दात घालून बोलू कुणाशी?'

…हो, तुझं खरंय. फोनवर मलाही निम्मं कळत नाही. मी आपली 'हो बाबा' म्हणते. मागे त्यांनी बहुतेक विचारलं होतं, 'बाळाला ताप आहे का', मी म्हटलं, 'हो बाबा, छान आहे.' घाबरून टॅक्सी करून आले होते.

…ठकी पण ना? …'हं हं' करून तुझ्याकडे फोन देते. हो, ते त्यांना लागतं. मला बोलले नाहीत, पण लागतं. कालसुद्धा ठकीनं मला आल्या आल्या विचारलं, तेव्हा तोंड उघडत होती अजून, 'मावशी, रेडिओ आजोबांसारखा का बोलतो?' मी म्हटलं, आतलं जुनं झालंय राणी, आत काहीतरी नवं घातलं की हा स्पष्ट बोलेल. मग ती गप्पच झाली. बसली नळ्यांकडे बघत.

…आता? आता काय. तू सांग. तू मोठी आहेस.

…नळ्या पुन्हा उघडू? ताई, तुला कळतंय का तू काय बोलतेयस? एकदा उघडल्या, त्या नशिबानं वाचल्या. तो वरचा कागद पापडीसारखा झालाय. दुसऱ्यांदा शेकला की अक्षरं सुटणार. आणि कुठलीत आहे ते माहीत नाही, म्हणजे नऊच्या नऊ उघडायच्या. बाबा येऊन पुठ्ठा उघडणार आणि बघणार काय, तर चिंध्या. हात लावणार नाहीत मग ते रेडिओला. तिथेच ठेवून चहा न घेता जातील.

…नाही, ती रडतेय ते ऐकू येतंय मला. चांगलंच येतंय.

…दुसरा दात पडेल की तिचा. …नाही, तसं नको, बरोबर आहे. पहिला तो पहिलाच.

…ताई, बोक्याचा दात असा कुणी हरवला असता तर मी काय केलं असतं गं? …घर डोक्यावर घेतलं असतं. हं.

…बरं. एक उघडते. एकच. गॅसजवळच्या बाजूला जी होती ना, ती. तिच्यात असेल तर ठकीचं नशीब. …हो, आहे ड्रायर इथेच. टेबलावरच आहे, तुझा वास लागलेला ड्रायर. …बरं, मीच वास लावलेला.

…फोन टेबलावर ठेवते, स्पीकर लावलाय, बोलत राहा. तुझा आवाज असला की माझं काम नीट होतं. …किंवा बिघडतं, पण राग तुझ्यावर काढता येतो.

…लावतेय. हं. एकदम हळू हवा. …

…ताई, कागदाचा कोपरा वर आला. …इवलासा. आईचा ब्रश इथूनच फिरला असेल ना… थांब, मला जमत नाहीये हे. दुसऱ्या कुणाच्या रेडिओवर जमलं असतं.

…ही कोण किंचाळली?

…ताई? फोन पडला का? हॅलो?

…हॅलो, कोण… ठकू? अगं बाळा, रडू नको, मावशी काढतेय तुझा दात. थोडा वेळ दे मला…

…काय? श्वास घे आधी. घेतलास? आता बोल.

…ड्रायर? हो, ड्रायरचाच आवाज. बंद केला. हा बघ, बंद.

…नको? काय नको?

…काढायचा नाही?

…अगं, मग सकाळपासून रडतेयस कशाला? …आईनं सांगितलं, मावशी दात परत देईल. आणि तुला परत नकोय. …बरं. …बरं, मग तू आईला तसं सांगायचं ना. …सांगत होतीस, पण आई मध्येच बोलत होती. हो, ते शक्य आहे. माझा पण अनुभव आहे.

…म्हणजे तो चुकून नाही पडला नळीत?

…तू ठेवलास.

…

…हो, ऐकतेय. मावशी इथेच आहे. 'आत काहीतरी नवं घातलं की स्पष्ट बोलेल', हो, मीच म्हटलं होतं. …हो, आजोबांचे दात खिशात असतात, म्हणून ते तसे बोलतात. …आणि रेडिओपण तसाच बोलतो. म्हणून त्याला दात. …बरोबर आहे ठकू. एकदम बरोबर आहे. मोठमोठ्या कारखान्यांतून हे अजून कुणाला सुचलेलं नाही.

…नाही, रडत नाहीये मी. मेणाचा धूर डोळ्यात जातो.

…तुझा एकुलता एक पडलेला दात, दिलास होय गं? …दुसरा हलतोय म्हणतेस. तरीपण.

…नाही काढत. शप्पथ. कोपरा चिकटवून टाकते पुन्हा, बोटानंच. हा बघ, चिकटला. पण मला एक सांग, कुठल्या नळीत ठेवलास?

…का नाही सांगणार?

…मी काढीन म्हणून. अगं, नाही काढणार म्हटलं ना. …विश्वास नाही. बरं. तुझी आई बिचारी, आता कळलं तिचे दिवस कसे जातात. आईला दे.

…ताई, ऐकलंस? …तू पण रडतेस? अगं, एक रडायची थांबली की दुसरी. तुमच्या घरी पाळी लावलीय का?

…हो गं. हो. मला पण.

…थांब, बेल. आले. ताई, आले ते. मी पुठ्ठा लावलाच नाहीये. …नाही, ठेवू नकोस, राहा लाईनवर, फोन इथे कपाला टेकवून ठेवते. मला कुणीतरी पाहिजे बाजूला. आणि ठकीला गप्प… नको, ठकीला जवळ घेऊन बस.

या बाबा. …हळू, तिथे मोजा आहे. …झोपलाय, आत्ताच. …अरे, त्यांची पिशवी घे ना तू हातातली. बसा बाबा. पाणी देते.

…नको? …आधी रेडिओ. हो. हा काय, इथेच. पुठ्ठा मुद्दामच लावला नाही, तुम्हाला बघायचा असेल म्हणून. …टॉर्च? ही घ्या.

ताई, बघताहेत. …हळू बोलतेय गं, म्हणूनच. अगदी नाक आत घालून बघताहेत. एकेक नळी. …बोट लावून बघितलं. …वास घेतला.

…काय बाबा? …

ताई, काहीतरी बोलले. मला कळलं नाही. …काय म्हणालात? …'फफ'…? अरे, तुला कळलं का ते काय म्हणाले? …ह्यालाही कळलं नाही.

बाबा, पुन्हा सांगता? …हं? …हं… 'थथं'…? नाही, चिडू नका, मला खरंच… ताई, अगं, निकाल लागलाय आणि मला ऐकू येत नाहीये. छान म्हणाले की सगळं संपलं म्हणाले, कळायला मार्ग नाही. डोळ्यांवरून? डोळ्यांवरूनही नाही, टॉर्च मध्ये आहे.

बाबा, थांबा. तुम्ही काय म्हणालात ते राहू दे, आधी मला सांगायचंय. …मी क्रम ठरवला होता, पण तो आता गेला. ह्या नळ्या वरून त्याच आहेत. आईनं पुसलेल्या. एकही कागद बदललेला नाही. पण आतून नव्या आहेत, नऊच्या नऊ. मी पोटं रिकामी केली आणि नवं भरलं. तुम्हाला न सांगता. …आता तुम्ही काय ते म्हणा, फक्त सावकाश म्हणा.

…

ताई, त्यांनी टॉर्च बंद केली.

…बटणाकडे बोट दाखवताहेत. लावू? …लावते. हा दिवा मध्ये जोडलाय ना बाबा, काही गडबड असली तर हा भक्कन पेटेल, रेडिओला काही होणार नाही. …लावला. …दिवा मंद आहे. ताई, मंद आहे. म्हणजे चांगलं. …अजून आवाज नाही, गरम व्हायला वेळ लागतो त्याला, म्हातारा आहे. …बाबा, तुम्हाला नाही म्हटलं.

…

…ऐकतेयस?

…ऐकतेयस का ताई? ऐक, फोन जवळ नेते. …घोंऽ नाही. घोंघों नाहीच. बातम्या. बघ, एकेक अक्षर. 'स' बघ त्याचा. 'श' बघ. …बाजारभाव सांगतोय गं, कांदे-बटाटे, आणि मला काय वाटतंय म्हणून सांगू.

…कोण ओरडतंय? ठकू, काय म्हणतेस? …हो, बोलतोय तो. तुझ्या दातानंच बोलतोय, नाहीतर काय.

…कुणाला सांगू? …आजोबांना? …असं म्हणू? बरं, म्हणते. तुझ्या शब्दात म्हणते.

बाबा, ठकीचा निरोप आहे. ती म्हणते, तिचा पहिला दात तिनं रेडिओला दिलाय. ह्याच नळ्यांपैकी एकीत आहे, मेणाखाली. …खरंच. मी नाही ठेवला, तिनंच ठेवला, मला न सांगता. ह्या घरात सगळे एकमेकांना न सांगताच करतात. …कशाला म्हणजे, स्पष्ट बोलावं म्हणून. आणि ती विचारते, रेडिओनं दात घातला, आता आजोबा कधी घालणार? तिला तुमच्याशी बोलायचंय. फोनवर. कळेल असं.

…

ताई, खिशाकडे हात गेला.

…डबी काढली. …पाठ फिरवली, लाजताहेत. …अरे, तू पण तिकडे बघ जरा, त्यांना घालू दे. …

…हं. घातले. ताई, घातले गं. गाल भरले. …बाबांसारखे दिसायला लागले.

…काय म्हणालात बाबा? …हो. हो, आता कळलं. अगदी स्वच्छ. …ताई, मघाशी ते काय म्हणत होते माहितेय? 'आईला कळलं नसतं.' नळ्यांबद्दल. आईलासुद्धा कळलं नसतं म्हणताहेत.

…ताई, आता तूच बोल.

…काय? आता विचारताहेत, कुठल्या नळीत आहे. …मला नाही माहीत बाबा. मलाच माहीत नाही, इतकं चांगलं काम झालंय. फक्त तिला माहितेय, आणि ती सांगत नाही. …तुम्ही विचारता? घ्या. स्पीकर बंद करू? बरं, केला. …उलटा धरलाय, असा फिरवा. हं. बोला.

हॅलो?

…हॅलो, कोण बोलतंय? …मी आजोबा. …हो, खरंच मी. तुझे आजोबाच. …दात घातलेत म्हणून. …कळतंय ना सगळं? 'शेंगदाणे' म्हणून दाखवू? शेंगदाणे. …आणखी? 'स्वस्त साबुसाबण.' …हो, असं काही नसतं, पण म्हणता येतंय की नाही?

…बस हं, हसू पुरे, ठसका लागेल. मला एक सांग. …नाही, काढणार नाही. मी कुणालाही हात लावू देणार नाही, मावशीला तर अजिबात नाही. पण मी ब्रशनं पुसायला बसेन ना, दर महिन्याला, तेव्हा मला माहीत नको का? तुझी नळी जरा जपून पुसावी लागेल. …

…हळू सांग. मावशी इथे कान देऊन उभी आहे, डोळे पुसण्याचं नाटक करत.

…

…अच्छा. ती होय. …आवाजाच्या कर्ण्याला सगळ्यात जवळची. अगदी योग्य जागा निवडलीस. …

…नाही, कुणाला सांगणार नाही. तोंडातून शब्द बाहेर पडणार नाही. …

…हो, उद्या पुन्हा करतो फोन. दात घालूनच करतो. ठेव आता, तुझ्या मावशीचं बाळ उठलंय. …तू आधी ठेव. …बरं, दोघांनी मिळून. एक, दोन…